नाटकातलं नृत्य: चाल बांधण्याआधी एकत्र बसा

संगीत नाटकातलं नृत्य बहुधा एकाच कारणाने फसतं. संगीतकार गाणं पूर्ण रेकॉर्ड करून पाठवतो आणि नृत्यदिग्दर्शक त्यावर पावलं चिकटवतो. मग विंगेपर्यंत पोचायला तालाची दोन आवर्तनं (पूर्ण फेऱ्या) कमी पडतात, कुणीतरी लॅपटॉपवर कापाकापी करतो आणि सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, निसटते.

म्हणून पहिली बैठक चालीच्या आधी, दिग्दर्शकासह. तीन गोष्टी लिहून काढा: पात्रं कुठून येऊन कुठे थांबणार, गाण्यात कथा किती सरकणार, आणि नाचणारेच गाणार का. तिसऱ्या प्रश्नावर निम्मं काम ठरतं. ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) मध्ये भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्यदिग्दर्शन एकाच रांगेने पेललं. गाणारे, डोलणारे आणि रांगेत उभं राहून पडदा होणारे ब्राह्मण तेच. अशा ठिकाणी चाल एकीकडे आणि हालचाल दुसरीकडे बांधता येत नाही. नाचणाराच गाणार असेल तर उड्या-गिरक्यांनंतर लगेच उंच स्वर ठेवू नका. मध्ये दोन आवर्तनं नुसता ठेका वाजू द्या, दम परत येतो.

आता मोजणी. नाचणारे आठाने मोजतात, संगीतकार तालाने. केहरव्यात आठच मात्रा (ठोके), त्यामुळे अडचण नाही. दादऱ्यात सहाची चार आवर्तनं म्हणजे आठाच्या तीन मोजण्या, म्हणून गट २४ मात्रांचे बांधा. सात मात्रांच्या रूपकात दोन्ही मोजण्या थेट ५६ मात्रांनी जुळतात. तिथे आठाचा हट्ट सोडून नर्तकांना सातानेच मोजायला शिकवा. दोघांसाठी एकच तक्ता करा: आवर्तन क्रमांक, शब्द, हालचाल, रंगमंचावरची जागा.

पहिल्या तालमींना पेटी आणि ढोलकीचं कच्चं रेकॉर्डिंग पुरे. पक्कं रेकॉर्डिंग नृत्य बसल्यावरच करा, आणि लय आकड्यात लिहा. मिनिटाला १२० मात्रांना केहरव्याची १६ आवर्तनं ६४ सेकंदांत होतात, १२६ ला सुमारे ६१ सेकंदांत. तीन सेकंद किरकोळ वाटतात, पण नऊवारीत गिरकी घेणारीला विचारा! लय रंगीत तालमीच्या आधी, पूर्ण पोशाखात तपासा.

शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपणारा तुकडा, दोघांनी मिळून रचा. केहरव्यात समेवरून उठणारा पाच मात्रांचा तुकडा तीनदा घ्या, मधे एकेक मात्रा रिकामी सोडा: १५ अधिक २, म्हणजे शेवटचा ठोका सतराव्या मात्रेला, थेट समेवर. तिथे शब्द ठेवू नका. घुंगरांत ते हरवतात.

वादक प्रत्यक्ष वाजवणार असतील तर ढोलकीवाल्याला नर्तकांचे पाय दिसतील अशी जागा द्या. प्रवेशाला दोन आवर्तनांचा ठेका कितीही वेळा फिरवता येईल असा ठेवा आणि इशारा एकाच माणसाकडे द्या, शक्यतो पुढच्या नर्तिकेकडे. बदल हवा असेल तर दोघांनी मिळून तक्त्यात नोंदवायचा. तोंडी सांगितलेला बदल वादकांपर्यंत पोचतोच असं नाही.