अक्कलदाढ, आंबील आणि जास्वंदीवरचा पिठ्या

खालची आडवी अक्कलदाढ कापून काढली, तीन टाके पडले. पहिले 24 तास गालावर बर्फ, मग कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉ तर नाहीच. खाचेतली रक्ताची गुठळी निघाली की हाड उघडं पडतं आणि ठणका जीव काढतो. पोटाला आईच्या हातची गार आंबील. नाशकात राहून मिसळीऐवजी आंबील, असो.

बोलता येईना, म्हणून इंदिरानगरच्या गच्चीत नुसता बसायचो. तेव्हा कुठे नीट दिसलं: जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस अन् खोडावर मुंग्यांची रांग. द्राक्षबागायतदारांचा जुना वैरी, झाडाचा रस शोषणारा पिठ्या ढेकूण! महिनाभर मी त्याच्यावर नुसतं पाणी मारत होतो. खरी गोम मुंग्यांत होती. पिठ्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्याच त्याला राखतात.

वाकलं की जबडा ठणके, म्हणून ताईला खुणा करून शेंडे कापून घेतले. मुंग्या चढू नयेत म्हणून कुंडी भिंतीपासून सरकवून पाण्याच्या परातीत विटांवर ठेवली. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, चमचाभर पातळ साबण. दर आठवड्याला, ऊन उतरल्यावर फवारा.

टाके सातव्या दिवशी निघाले. जास्वंदीला कळी यायला महिना लागला.