मलावीत टोमॅटोचा ढीग मोजताना: सरकारी आकडेवारीच्या कामात येऊ बघणाऱ्यांसाठी

एमएस्सी स्टॅटची मुलंमुली बऱ्याचदा विचारतात की बँक, इन्शुरन्स, डेटा सायन्स सोडून अजून काय करता येतं, आणि तुम्ही आफ्रिकेत नक्की काय करत होतात. म्हणून एकदा नीट लिहितेय.

मी मलावीत कुटुंब पाहणीच्या डेटाचं काम केलं. तिथलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय राजधानी लिलाँग्वेत नाहीये, ते झोम्बाला आहे, डोंगराच्या पायथ्याशी, कारण १९७५ पर्यंत झोम्बाच राजधानी होती. जाताना माझ्या डोक्यात होतं की आपण शिकवायला चाललोय. पण २०१८ ची जनगणना त्यांनी टॅब्लेटवर केली, १ कोटी ७५ लाख माणसं मोजली, आणि आपली २०११ ची तर कागदावरच झाली होती. त्यामुळे ‘त्यांना काही येत नाही’ हा समज विमानात बसायच्या आधीच काढून टाका.

खरं काम काय असतं ते मला एका अंगणात कळलं. प्रगणक मुलगी एका बाईंना विचारत होती की गेल्या सात दिवसांत घरात टोमॅटो किती खाल्ले. बाई म्हणाल्या, तीन ढीग. आपल्याकडे बाजारात वाटे लावून ठेवतात ना, तसेच तिथे ढीग लावतात, मका बादलीने मोजतात. आता किलो किती असं दामटून विचारलं असतं तर बाईंनी काहीतरी आकडा सांगितलाही असता, पण तो आपणच त्यांच्या तोंडात घातलेला असता. त्या मुलीने पिशवीतून फोटोंचा अल्बम काढला, लहान, मध्यम, मोठा ढीग, बाईंनी मधल्यावर बोट ठेवलं, झालं. हा अल्बम सहज बनलेला नाही, त्यासाठी लोक बाजारोबाजार काटा घेऊन फिरले, ढीग विकत घेऊन वजन केलं, आणि उत्तर, मध्य, दक्षिण मलावीची वजनं वेगवेगळी ठेवली कारण ढीग सगळीकडे सारखा नसतो. त्या ढिगाचे होतात ग्रॅम, ग्रॅमच्या कॅलरी, आणि त्यावरून ठरतं की हे घर दारिद्र्यरेषेच्या वर का खाली. ढिगाचं वजन चुकलं की पुढचं सगळंच चुकतं, मग मॉडेल कितीही भारी लावा.

यात आपलाही एक धागा आहे. साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, त्यांनी १९४० च्या दशकात दाखवलं की पीक कापणी प्रयोगाला, म्हणजे शेतातला तुकडा कापून, वजन करून उत्पादनाचा अंदाज काढताना, फार छोटा तुकडा घेतला तर अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येतो, कारण कडेची रोपं आत धरली जातात. पुढे १९५१ ला ते रोमला एफएओत, म्हणजे युनोच्या अन्न आणि शेती संस्थेत गेले आणि देशोदेशीच्या शेती आकडेवारीवर काम केलं. सॅम्पलिंगच्या तासाला हे मार्कांपुरतं शिकू नका, शेतात जाऊन बघा.

आता माझी चूक, कारण नवीन येणारा प्रत्येकजण तीच करतो. पहिल्या वर्षी रिपोर्टची तारीख जवळ आली, डेटात चुका भरपूर, मग मी रात्री जागून स्टॅटा या सॉफ्टवेअरमधे डेटातल्या चुका काढायचे (क्लीनिंगचे) सगळे प्रोग्रॅम एकटीने लिहिले. रिपोर्ट वेळेत निघाला, सगळे खूश, मीपण. पुढच्या फेरीला प्रश्नावलीत थोडे बदल झाले आणि प्रोग्रॅम बंद पडला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला माहीतच नव्हतं की मी अमुक घर का वगळलं, तमुक किंमत का बदलली, त्याला कळणार कुठून, मी सांगितलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. देशाचा आकडा माझ्या लॅपटॉपवर अवलंबून राहिला, याला मदत कसं म्हणायचं? दुसऱ्या वेळी मी कीबोर्डला हात लावला नाही, तो टाइप करायचा, मी बाजूला बसायचे, प्रत्येक निर्णय वहीत लिहायचा. तिप्पट वेळ लागला, वरून बोलणी खाल्ली, पण त्यानंतरचे बदल त्याने मला न विचारता केले.

दुसरी अडचण पैशाची. मदत देणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपापला सर्व्हे हवा असतो, माणसं तीच मोजकी, पगार कमी, फील्डचा भत्ता बरा, मग सगळे सर्व्हेला जातात आणि दर महिन्याचा महागाईचा आकडा रखडतो. यात त्या लोकांचा दोष नाही हो. १९९९ ला सुरू झालेलं पॅरिस२१, म्हणजे देशांची आकडेवारी यंत्रणा सुधारण्यासाठीचं आंतरराष्ट्रीय व्यासपीठ, नेमकं हेच सांगतं की देशाने आधी स्वतःचा आकडेवारीचा आराखडा करावा आणि मदत त्यात बसवावी. आणि नियमित काम रखडलं की काय होतं त्यासाठी घानाचं बघा, जीडीपीचं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती धरून हिशोब करतात ते) १९९३ चंच राहिलं होतं, नोव्हेंबर २०१० मध्ये ते २००६ केलं तर अर्थव्यवस्था एकदम ६० टक्क्यांच्या आसपास मोठी निघाली! इतकी वर्षं सगळी धोरणं त्या जुन्या आकड्यावर.

यायचं कसं? सगळ्यात पक्का रस्ता यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा, आधी आपली यंत्रणा आतून बघा. कोलकात्याच्या आयएसआयमधे (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) १९५० पासून परदेशी सांख्यिकी अधिकाऱ्यांना शिकवणारं केंद्र आहे, जपानमधे चिबाला सांख्यिकी शिकवणारी युनोची संस्था आहे, अशा ठिकाणी ओळखी होतात. युएन व्हॉलंटियर्सच्या जागाही बघत रहा. सीएसप्रो आणि सर्व्हे सोल्युशन्स ही सर्व्हेची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, एक छोटी प्रश्नावली बनवा आणि घरी आजीला विचारून बघा, तिसऱ्या प्रश्नाला कळेल कुठे अडतंय. एक मात्र स्पष्ट सांगते, ही नोकरी पक्की नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशांना द्यायची मदत थांबवली आणि त्याच पैशावर १९८४ पासून चालू असलेला डीएचएस, म्हणजे लोकसंख्या आणि आरोग्य सर्व्हेचा कार्यक्रम अचानक अडकला, चांगली चांगली माणसं घरी बसली. वर्षभराचा खर्च बाजूला ठेवूनच निघा.

भाषा थोडी तरी शिका. मलावीतल्या चिचेवा भाषेत ‘मुली ब्वांजी’ म्हणजे कसे आहात, मराठी माणूस हे विसरूच शकत नाही. आणि पहिल्या महिन्यातच फील्डला जायची परवानगी मागा, नोव्हेंबरात पाऊस सुरू झाला की कच्च्या रस्त्यावर गाडी रुतते आणि मग मार्च-एप्रिलपर्यंत आतल्या गावांत पोचणं अवघड जातं. गमबूट इथूनच न्या.