बेलुगांचा गोतावळा किनाऱ्यावरून कसा ओळखावा

कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीतले बेलुगा, म्हणजे पांढरे देवमासे, बघायला बोटच लागते असं नाही. मी माँट्रियलला राहते आणि पाहुण्यांना थेट तादुसाकजवळच्या बे सेंत-मार्ग्रीतला नेते. सागने फ्योर्डमधली, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यातली ही खाडी. उन्हाळ्यात इथे बोटींना मज्जाव असतो आणि माद्या पिल्लांसह येतात. तीनेक किलोमीटर चाललं की निरीक्षणाची जागा येते. जुलै-ऑगस्टमधला वारा पडलेला दिवस निवडा. लाटा फुटत असल्या की फेस कुठला आणि पाठ कुठली हे कळत नाही.

आल्या आल्या मोजायला लागू नका, आधी रंग बघा. नवजात पिल्लू दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं असतं. मग ते निळसर करडं होतं, आणि पुरतं पांढरं व्हायला बारा-पंधरा वर्षं जातात. पांढऱ्या पाठींमध्ये करड्या आणि तपकिरी पाठी मिसळलेल्या दिसल्या, तर तो माद्या-पिल्लांचा कळप. सगळेच पांढरे आणि अंगाने थोराड असतील तर बहुधा नर.

आता दुर्बीण एकाच पिल्लावर धरा. मादीची पाठ वर येते, फुस्स करून श्वास सुटतो, आणि लगेच तिच्या कुशीला चिकटून, जरा मागे, एक छोटी तपकिरी पाठ वर येते. अगदी लहान असेल तर कातडीवरच्या घड्याही दिसतात. पण शेजारची मादी आईच असेल असं नाही. दुसऱ्या माद्याही पिल्लाला सोबत करतात. ते पुन्हा पुन्हा कोणाकडे जातं, ते बघत राहा.

पाहुणे लगेच नाती लावतात: ही आजी, ती मावशी. तो मोह आवराच. संशोधक ग्रेगरी ओ'कॉरी-क्रो आणि सहकाऱ्यांनी अलास्का, कॅनडा, रशिया, नॉर्वे इथल्या बेलुगांच्या गटांचा डीएनए तपासला. 2020 साली आलेल्या त्या अभ्यासातून दिसलं, की बहुतेक गट जवळच्या मातृवंशाभोवती बांधलेले नाहीत. एकत्र पोहणाऱ्यांत बापाकडून नातं लागणारेही पुष्कळ, आणि एकमेकांचे कुणीच नसलेलेही. अनोळखी रक्ताचे प्रौढ नर तर बरेचदा बरोबर हिंडतात. ऑर्कांचं, म्हणजे किलर व्हेलचं, कुटुंब आईभोवती असतं, म्हणून बेलुगांचंही तसंच, असं धरून चालू नका. मला या प्राण्याचं सगळ्यात मोठं अप्रूप हेच वाटतं. 2016 पासून पुढची काही वर्षं इथल्या तरुण नरांच्या टोळीत एक नार्व्हालसुद्धा (लांब सुळ्याचा देवमासा) राहिला, जातच वेगळी!

म्हणून वहीत 'आजी' लिहू नका. 'चार पांढरे, दोन करडे, एक नवजात. प्रवाहाविरुद्ध' असं लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. कळप फुटलेला असतो किंवा त्यात नवे मिसळलेले असतात.

खाडीबाहेर कयाक (वल्ह्याची छोटी होडी) घेणार असाल तर इथल्या सागरी उद्यानात बेलुगांपासून 400 मीटर लांब राहणं बंधनकारक आहे. सेंट लॉरेन्समध्ये ते जेमतेम 1,850 च्या आसपास उरलेत. पिल्लांची हाक आईच्या हाकेपेक्षा क्षीण असते, इंजिनाच्या आवाजात ती बुडून जाते. मोटरबोटीपेक्षा किनाराच बरा, असं माझं ठाम मत आहे.