एचआयव्हीची शंका: धोका कसा मोजावा आणि चाचणीवर केव्हा विसंबावे

सर्वप्रथम एका कागदावर नेमके काय घडले ते लिहावे आणि त्यापुढे तारीख व वेळ टाकावी. ‘काहीतरी चुकीचे घडले’ एवढेच लिहून भागत नाही, कारण धोका आहे की नाही हे त्या ‘काहीतरी’च्या तपशिलावरच ठरते. मनात अपराधाची भावना दाटलेली असली की माणूस केलेल्या कृत्याची लाज आणि संसर्गाची शक्यता या दोन गोष्टी एकच समजू लागतो आणि मग साध्या चुंबनानंतरही त्याला झोप लागत नाही.

एचआयव्ही रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदमार्गातील स्राव आणि आईचे दूध यांतूनच पसरतो. लाळ, घाम आणि अश्रू यांतून तो पसरत नाही, तसेच एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा डास चावल्यानेही होत नाही. कंडोम शेवटपर्यंत नीट राहिला असेल, तर त्या संबंधातील धोका फारच कमी असतो. सोलापुरात हमखास विचारला जाणारा प्रश्न दाढीच्या दुकानातील ब्लेडचा असतो. शरीराबाहेर येऊन वाळल्यावर हा विषाणू लवकर निष्प्रभ होतो, त्यामुळे दाढी करताना लागलेल्या बारीक कापामुळे एचआयव्हीची चिंता करण्याचे कारण नाही. मात्र यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही टिकू शकतो, म्हणून नवीन ब्लेड आपल्यासमोर फोडून बसवायला सांगणे केव्हाही योग्यच.

प्रत्यक्ष धोक्याच्या संबंधातही आकडे बहुतेकांना वाटते त्यापेक्षा लहान असतात. जोडीदाराला एचआयव्ही असून त्याचे उपचार सुरू नसतील, तर कंडोमशिवाय झालेल्या एका योनिसंबंधात स्त्रीला संसर्ग होण्याचे सरासरी प्रमाण दहा हजारांत सुमारे 8 आणि पुरुषाला सुमारे 4 असे मानले जाते. गुदसंबंधात ग्रहण करणाऱ्या व्यक्तीसाठी हेच प्रमाण सुमारे 138 आहे, आणि सुई वाटून घेतल्यास सुमारे 63. या सरासऱ्या आहेत. जननेंद्रियावर जखम असेल किंवा जोडीदाराचा संसर्ग अगदी ताजा असेल, तर धोका वाढतो. उलट जोडीदार नियमित औषधे घेत असेल आणि त्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत सापडण्याच्या मर्यादेखाली टिकून असेल, तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही.

कागदावरील नोंद खरोखर धोक्याची असेल, म्हणजे कंडोम फाटला असेल किंवा वापरलाच नसेल, तर घड्याळाकडे पाहावे. 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावयाची प्रतिबंधक औषधे असतात, त्यांना पीईपी म्हणतात. ती जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे, म्हणून अशा वेळी रविवार संपण्याची वाट न पाहता सोलापूरच्या सिव्हिलचा म्हणजेच छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. नुसत्या चुंबनासाठी किंवा दाढीच्या ब्लेडसाठी ही औषधे मागू नयेत; डॉक्टर ती देणार नाहीत, आणि ते योग्यच करतील.

आता चाचणीकडे वळू, कारण खरा गोंधळ इथे होतो. घटनेनंतर चौथ्या दिवशी केलेली चाचणी त्या घटनेबद्दल काहीच सांगत नाही. फार तर त्याआधीची स्थिती सांगते. शरीराने प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्धची प्रथिने, तयार करायला वेळ लागतो आणि या काळाला विंडो पिरियड म्हणतात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन कार्डावर केली जाणारी प्रतिपिंडांची रॅपिड चाचणी 23 ते 90 दिवसांत संसर्ग पकडते. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे पी24 प्रथिनही शोधते, म्हणून ती 18 ते 45 दिवसांत पुरेशी ठरते. त्यामुळे खाजगी लॅबमध्ये ‘एचआयव्ही करा’ एवढेच न म्हणता कोणती चाचणी करणार ते विचारावे आणि अहवालावर तिचे नाव पाहावे. 45 दिवस उलटल्यानंतरची चौथ्या पिढीची किंवा 90 दिवसांनंतरची रॅपिड चाचणी नॉन-रिॲक्टिव्ह आली, म्हणजे तिच्यात संसर्ग दिसला नाही, तर त्या घटनेपुरता विषय संपला. पीईपी घेतलेल्यांनी मात्र समुपदेशकाने सांगितलेल्या तारखाच पाळाव्यात, कारण त्या औषधांमुळे प्रतिपिंडे उशिरा दिसू शकतात.

कार्डावर ‘सी’पाशी एक रेघ उमटली, तर चाचणी नीट झाली एवढाच तिचा अर्थ. ‘टी’पाशीही रेघ आली, अगदी फिकट असली तरी, नमुना रिॲक्टिव्ह धरतात. पण रिॲक्टिव्ह म्हणजे एचआयव्ही निश्चित, असे नाही. समजा, कमी धोक्याच्या दहा हजार माणसांत दहा जण बाधित आहेत आणि चाचणी दर हजार निरोगी माणसांत पाच जणांना चुकून रिॲक्टिव्ह दाखवते. बाधित दहाही सापडतील, पण त्यांच्यासोबत सुमारे पन्नास निरोगी माणसेही यादीत येतील. याच कारणाने आपल्याकडे एका कार्डावर निदान न करता वेगवेगळ्या प्रकारच्या तीन चाचण्या रिॲक्टिव्ह आल्यावरच ते पक्के मानतात. मेडिकलमधून आणलेल्या एका किटवरून स्वतःचे निदान करून मोकळे होऊ नये.

लक्षणांवरून तर अंदाजच बांधू नये. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, पुरळ येऊ शकतात; पण ताप डेंग्यूनेही येतो आणि मे महिन्यात अंगावर उठलेले घामोळे सोलापुरात कोणाला नवीन नाही.

सरकारी आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, या दोन्ही गोष्टी मोफत होतात. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि माहिती गोपनीय ठेवावी लागते. तरीही रांगेत शेजारचा भेटेल अशी धास्ती असेल, तर बार्शी किंवा पंढरपूरच्या केंद्रात जाण्यात काहीच वावगे नाही, आणि आधी नुसते बोलायचे असेल तर 1097 या मोफत क्रमांकावर फोन करता येतो. केंद्रातील भेटीतच सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराची तपासणीही मागून घ्यावी, कारण मुखमैथुनातून एचआयव्हीचा धोका नगण्य असला, तरी सिफिलिस त्यातूनही होतो.