जुन्या जिनाचं वय कसं काढायचं: बॅचच्या गावनकाशासाठी

दहावीची बॅच जमली की गावातल्या जुन्या खुणांचा नकाशा काढायचं कुणीतरी सुचवतंच. पार, आखर, चावडी, पोळा भरायची जागा हे पटापट जमतं. अडतं ते पडक्या जिनाशी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या जुन्या कारखान्याशी. "अमेरिकेच्या लढाईतलं आहे ते," असं एक जण म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. हे वाक्य तसंच नकाशावर उतरवू नका.

आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाच्या नकाशाची नक्कल घ्या आणि ती मोठी करून झेरॉक्स काढा. प्रत्येकाला वेगळं बसवा, वीसेक मिनिटं पुरतात. एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचाच नकाशा होतो. "काय काय आठवतं?" असं विचारलं तर गाडी मास्तरांच्या छडीवर जाते. त्यापेक्षा "शाळेच्या फाटकाकडे पाठ करून उभा राहा, डाव्या हाताला काय दिसायचं?" असं विचारा. दोघांनी वेगवेगळं बसून तेच सांगितलं तरच शाई, नाहीतर पेन्सिल. साल विचारू नका, चुकतंच. ७२ च्या दुष्काळाआधी की नंतर, शकुंतला (यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची छोटी आगगाडी) कोळशावर धावायची तेव्हा की डिझेल आल्यावर (१९९४), असं विचारा.

आता जिन. पहिला घोळ लढाईचाच असतो. इंग्रजांविरुद्धचं अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध १७७५ ते १७८३ चं. वऱ्हाडच्या कापसाशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे भाव चढले ते १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात. एली व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र केलं, अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या श्रमावर कापूस पसरला, आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या त्याच कापसावर चालू लागल्या. १८६१ मध्ये लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली तेव्हा लँकेशायरच्या व्यापाऱ्यांना वऱ्हाड आठवलं. युद्ध संपलं, भाव कोसळले.

दुसरी कसोटी रुळांची. आगगाडी नागपूरला पोचली १८६७ मध्ये, खामगावचा फाटा सुरू झाला १८७० मध्ये. म्हणजे खामगाव स्टेशनाला खेटून, मालधक्क्याकडे दार करून बांधलेलं जिन युद्धातलं असणं कठीण.

तिसरी कसोटी यंत्राची, आणि खरी गंमत इथेच. आत दातेरी चकत्यांची रांग असेल तर ती व्हिटनीच्या घराण्यातली. चामडी रूळ आणि त्याला टेकलेली पोलादी पट्टी असेल तर ते रोलर जिन. तेही मुळात अमेरिकनच, मॅकार्थीचं, १८४० चं. पण आपल्याकडे आलेली कितीतरी यंत्रं इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सच्या कारखान्यात घडली. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बाजूच्या सांगाड्यावर कारखान्याचं नाव ओतलेलं असतं, ते शोधा. मात्र यंत्राचं वय ते इमारतीचं वय नव्हे. जुनं यंत्र दुसरीकडून आणून बसवलेलंही असतं.

मालकाची परवानगी घेऊन सकाळी जा. टिनाखाली साप असतात, काठी आपटत चला. अक्षरांवरचा गंज तारेच्या ब्रशने घासू नका, कडा झिजतात. कोरड्या फडक्याने पुसा, टॉर्च बाजूने तिरपा धरा आणि फोटो काढा. तरी वाचता आलं नाही तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, अक्षरं उमटतात. नकाशावर तेवढंच लिहा. "लोक म्हणतात" ते खाली, वेगळ्या रंगात.