बँक्सीची प्रिंट घ्यायचीय? आधी कागद तपासा, मग चित्र

बँक्सी म्हणजे नाव-चेहरा लपवून भिंतींवर चित्रं काढणारा ब्रिटिश कलाकार. ऑक्टोबर 2018 मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावघरात त्याच्या 'गर्ल विथ बलून'वर हातोडा पडला आणि ते चित्र फ्रेममध्येच लपवलेल्या यंत्रातून खाली सरकत अर्धं कातरलं गेलं, मग तेच कातरलेलं चित्र 2021 मध्ये 1 कोटी 85 लाख पौंडांच्या वर विकलं गेलं. ते सोडा, पण त्याच चित्राच्या स्क्रीनप्रिंटसुद्धा (जाळीतून शाई दाबून कागदावर छापलेल्या प्रती) आहेत, 150 सहीच्या आणि 600 बिनसहीच्या. त्याही आता महाग झाल्यात, त्यामुळे नकली माल भरपूर फिरतो.

तर सगळ्यात आधी पेस्ट कंट्रोलचं सर्टिफिकेट मागा. हे बँक्सीचंच ऑफिस, 2008 पासून खरं-खोटं तेच ठरवतं, बाकी कुठल्या दुकानाचा शिक्का असला तरी बाजारात तो चालत नाही. सर्टिफिकेटला राजकन्या डायानाचा चेहरा असलेली, बँक्सीनेच बनवलेली दहा पौंडांची अर्धी फाडलेली खोटी नोट स्टेपल केलेली असते, तिच्यावर हाताने लिहिलेला नंबर असतो आणि उरलेली अर्धी नोट त्यांच्याकडे राहते, दोन्ही तुकडे जुळले पाहिजेत, किती साधी आणि किती हुशार युक्ती आहे बघा! विकणारा म्हणाला की 'सर्टिफिकेट नंतर पाठवतो', तर तिथेच थांबा. आणि लिस्टिंगमध्ये 'आफ्टर बँक्सी' लिहिलेलं असेल तर ती त्याची प्रिंट नाहीच, त्याच्या चित्रावरून दुसऱ्या कोणीतरी काढलेली आहे.

मग प्रिंटवरचा नंबर बघा. 47/150 म्हणजे दीडशेतली सत्तेचाळिसावी, पण म्हणून 3/150 जास्त चांगली असं काही नसतं, ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे सुईने प्लेटवर ओरखडून छापलेल्या चित्रात, तांब्याची प्लेट झिजते म्हणून तिथे आधीचे ठसे खरंच ठसठशीत येतात, स्क्रीनप्रिंटमध्ये तसा फरक पडत नाही. 'एपी' म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत.

यानंतरची पायरी लोक हमखास गाळतात. प्रिंट फ्रेममधून बाहेर काढून दाखवा म्हणायचं, मागची बाजू, चारही कडा आणि बाजूने तिरका उजेड टाकून काढलेले फोटो मागायचे. कडा कापलेल्या आहेत का, लाल रंग फिका पडलाय का, कागदाला घडी आहे का, मागे चिकटपट्टीचे पिवळे डाग आहेत का, यातलं काहीही निघालं तरी किंमत बरीच खाली येते.

लिलावात बोलीच्या वर बायर्स प्रीमियम (लिलावघर खरेदीदाराकडून घेतं ते कमिशन), शिपिंग आणि कस्टम्स धरूनच हिशेब करा.

घरी आली की अॅसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) आणि अतिनील किरण अडवणारी यूव्ही काच, सेलोटेप अजिबात नको, बिजागरीसारखी जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या खळीने लावून घ्या. काच कागदाला टेकू देऊ नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, तिथे टांगली तर एका सीझनमध्ये कागदावर बुरशीचे तांबूस ठिपके उठू शकतात, म्हणून आतली कोरडी भिंत, तीही थेट ऊन न येणारी.

आणि कृपा करून किंमत वाढेल म्हणून घेऊ नका, रोज बघितल्यावरही टोचत राहील असंच चित्र घ्या.