सात घोडे एका वहीत, आपलं काम दुसऱ्या वहीत

ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत राहून चित्रं काढणारे, प्रिंट करणारे, मातीकाम करणारे, किंवा कुठल्याच खान्यात बसत नाही असं काहीतरी बनवत बसणारे जे लोक आहेत ना, त्यांच्यासाठी लिहितेय. आर्ट स्कूलला गेला नसाल, जहांगीरला शो लागायचा चान्स नसेल (तिथे तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं हे कोणीतरी ऐकवलं असेलच), आणि तरी रात्री जेवणं उरकली की हात शिवशिवतात, तर बघा काही उपयोग होतो का.

आधी सात घोड्यांचं बोलू. वास्तूचे पळणारे सात घोडे, बुद्धाचा चेहरा, गणपती, राधाकृष्ण. तुम्ही चित्रं काढता हे बिल्डिंगमध्ये कळलं की पहिली ऑर्डर यातलीच येते आणि शेजारच्या काकू सांगतात, अगं हेच काढत जा, खपतं. घ्यायची का ऑर्डर? घ्या, बिनधास्त घ्या, त्यात कमीपणा काही नाही, कागद आणि रंग फुकट येत नाहीत. फक्त दोन वह्या करा. एकीत ऑर्डरी, ॲडव्हान्स, डिलिव्हरीची तारीख, आणि दुसरीत तुमचं स्वतःचं जे काय चाललंय ते. मी कळव्याला राहते आणि माझ्या दुसऱ्या वहीत बिल्डिंगांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आहेत, पाइप, वॉल्व, त्यावर बसलेले कावळे, कोणी विकत घेणार नाही असला माल, पण तिथे मला कोणी विचारत नाही की यात लाल रंग थोडा वाढवता येईल का. वेळही वेगळा ठेवा. ऑर्डरचं काम रविवारी दुपारी, स्वतःचं रोज अर्धा तास का होईना, आणि तो अर्धा तास डिलिव्हरी लेट झाली म्हणून खायचा नाही. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, टॅलेंट कमी पडतं म्हणून नाही.

ऑर्डर घेताना एक गोष्ट मेसेजवर लिहून घ्याच. कोणी पैसे देऊन तुमच्याकडून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कॉपीराइटचा, म्हणजे ते चित्र छापायच्या-वापरायच्या हक्काचा, पहिला मालक ऑर्डर देणारा धरला जातो. उद्या त्याने तेच चित्र दिवाळीच्या डब्यांवर छापलं तर तुम्ही बघत बसाल. म्हणून गिऱ्हाइकाशी आधीच ठरवा की 'चित्र तुमचं, कॉपीराइट माझा'. तुम्ही आपल्या मनाने जे करता त्याचा हक्क मात्र तुमचाच असतो, कुठे रजिस्टर न करताही, तुम्ही असेपर्यंत आणि त्यापुढे ६० वर्षं. आणि चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट गेला असंही नाही, तो द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर पाच वर्षं धरतात. एवढं माहीत असलं तरी समोरचा जरा नीट बोलतो.

आता जागा. वन बीएचकेत स्टुडिओ होत नाही हे मान्य करून टाका आणि कामाचा साइज त्याप्रमाणे ठरवा. टर्पेंटाइनचा वास घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर चालत नाही, म्हणून ऑइलचा हट्ट नको. मला विचाराल तर लिनोकट बेस्ट, म्हणजे लिनोलियमच्या शीटवर चित्र कोरायचं, वर इंक फिरवायची आणि कागदावर छाप काढायचा. लिनोचा तुकडा, दोन-तीन कटर, छोटा रोलर, इंक, बस्स. प्रेस मशीन लागत नाही, कागद वर ठेवून मोठ्या चमच्याच्या पाठीने गोल गोल घासायचं, हळूहळू, कडांपर्यंत. लिनो कडक लागला तर दहा मिनिटं उन्हात ठेवा, मऊ होतो. कटर नेहमी दुसऱ्या हातापासून लांबच्या दिशेने चालवायचा (हे हसण्यावारी नेऊ नका). अक्षरं कोरणार असाल तर उलटी कोरा कारण छाप आरशासारखा येतो. ऑइलवाली इंक जुलैमध्ये वाळता वाळत नाही, तेव्हा पाण्याची वापरा. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून तयार प्रिंट माळ्यावर उघडे टाकू नका, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घाला, बुटांच्या डब्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका त्यात, आणि गॅलरीला लागून जी ओल येणारी भिंत असते तिथून लांब ठेवा.

सामानाला दरवेळी आर्टच्या दुकानातच जायला हवं असं नाही. प्रिंटिंग प्रेसवाल्याकडे कटिंगमध्ये उरलेले चांगल्या जाड कागदाचे तुकडे पडलेले असतात, गोड बोललात तर वजनावर देतो. ठाणे-बेलापूर रोडला सगळा इंडस्ट्रियल पट्टा आहे, रबाळे, तुर्भे, इकडे वागळे इस्टेट, भंगारवाल्यांकडे पत्रा, वायर, रबर, काय वाटेल ते मिळतं. चंदीगडचं रॉक गार्डन ज्यांनी केलं ते नेकचंद सरकारी रस्तेखात्यात इन्स्पेक्टर होते, फुटक्या बांगड्या, कपबश्या, पाडलेल्या घरांचा राडारोडा सायकलवरून आणून सरकारी जंगलाच्या जमिनीत गुपचूप वर्षानुवर्षं मूर्ती उभ्या करत होते, १९५७-५८ च्या सुमारास सुरू केलं आणि लोकांसाठी उघडलं गेलं १९७६ ला. अधिकाऱ्यांना पत्ता लागला तेव्हा पाडायचंच घाटत होतं, लोक मध्ये पडले म्हणून वाचलं. तुम्ही सरकारी जमिनीवर काही करू नका एवढंच.

कलेच्या जगाबाहेर राहून काम करणारे लोक म्हटलं की शिकागोच्या हेन्री डार्जरचं नाव हमखास निघतं. हॉस्पिटलात साफसफाईचं काम करायचा, खोलीत एकटा बसून पंधरा हजारांवर पानांची गोष्ट लिहिली, शेकडो चित्रं काढली, आणि घरमालकाला हे कळलं अगदी त्याच्या शेवटच्या दिवसांत. लोकांना ही स्टोरी फार आवडते. मला नाही आवडत. कोणाला न दाखवणं म्हणजे प्रामाणिकपणा असं काही नसतं, त्याला कोणी विचारणारं नव्हतं इतकंच. तुम्ही दोन-तीन माणसं शोधा, कलाकारच पाहिजेत असं नाही, फक्त 'छान' म्हणून पुढे न जाणारी पाहिजेत. माझी एक मैत्रीण घणसोलीला असते, आम्ही ट्रान्स हार्बरच्या गाडीत वह्या बदलतो, दुपारच्या वेळी बसायला मिळतं, वाशी येईपर्यंत बोलून होतं. घरच्यांना सगळं दाखवायलाच पाहिजे असं नाही. बाबा 'याचं पुढे काय करणार' विचारतात ते काळजीने विचारतात, त्यावर वाद घालत बसू नका.

इन्स्टा बंद करा असं मी सांगणार नाही. पण काम अर्धवट असताना टाकू नका, कारण अर्ध्या कामाला लाइक मिळाले की उरलेलं अर्धं त्याच लोकांसाठी होतं. पूर्ण करा, महिनाभर पडू द्या, मग टाका.

वारली आता आपल्याकडे कुठल्याही भिंतीवर, कुर्त्यावर, कपावर दिसते, पण मुळात लग्नघरात सवाष्ण बायका गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) काढायच्या, सही वगैरे प्रश्नच नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नकार्य नसताना, रोजच काढायला सुरुवात केली, बायकांचं काम पुरुषाने करायचं हे तेव्हा वेगळंच होतं. पुढे पद्मश्री मिळाली २०११ ला, पण काढायला बसले ते त्यासाठी नाही. नुसती वारलीची माणसं कॉपी करून 'ट्रायबल टच' देऊ नका, त्यांच्याकडून उचलायचंच तर रोज बसणं उचला.

दाखवायचं झालं तर सोसायटीचं क्लब हाऊस घ्या. सेक्रेटरीला साधं पत्र, शनिवार-रविवार, गणपती-नवरात्र सोडून. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहत असाल तर काय हेवा वाटतो तुमचा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी घरांच्या मधोमध चौकच ठेवलेत, जुनी घरं आता बरीच पाडून नवीन झाली पण चौक आहेत, दोऱ्या बांधल्या की काम झालं. भिंतीला खिळे ठोकू नका, डिपॉझिट जातं. सुतळी आणि कपड्याचे चिमटे पुरतात, मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला लावा आणि खाली एक ओळ मुलांच्या उंचीला, कारण सगळ्यात जास्त वेळ तीच थांबतात.

किंमत लिहून लावा, विचारायला लोक लाजतात. प्रिंट असेल तर खाली डावीकडे पेन्सिलने ३/१२ (बारातला तिसरा) असा नंबर, उजवीकडे सही, आणि बारा म्हटले तर तेरावा काढायचा नाही. कोणी घेतला, कुठे राहतात, कुठे लावणार म्हणाले, ते दुसऱ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या शोला पहिला मेसेज त्यांना करायचा.